श्वेतेतर पत्रकारांच्या फेलोशिप आणि शहरातल्या पैशाचा माग

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. अमेरिकेत पत्रकारितेत मास्टर्स केलं आणि सध्या ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या मुभेवर, जर्सी सिटीतल्या एका लहान वृत्तसंस्थेत काम करते. भाडेकरू, बस, गोदामांतले कामगार असे विषय माझ्याकडे असतात. 'जर्नलिस्ट्स ऑफ कलर'साठी, म्हणजे श्वेतेतर पत्रकारांसाठी, शहरांतल्या आर्थिक समतेवर लिहायच्या फेलोशिप असतात असं ऐकलं. त्या माझ्यासारख्या भारतीय मुलीसाठी आहेत का? विविधतेच्या कार्यक्रमांबाबत हवा बदलल्यावर त्या टिकल्या आहेत का? अर्ज कसा लिहावा, आणि पैसे पुरतात का?

उत्तर :

मी फिलाडेल्फियात बावीस वर्षं शहराच्या बातम्या केल्या. अशी एक फेलोशिप मला नाकारली गेली, तीन वर्षांनी दुसरी मिळाली, आणि पुढे काही वर्षं निवड समितीवर बसून मी इतरांचे अर्ज वाचले. उत्तर लांबेल. वेळ काढून वाचा.

आधी या फेलोशिप आल्या कुठून ते सांगते, कारण ते माहीत नसलं की अर्ज हमखास चुकीच्या सुरात लिहिला जातो. १९६७च्या उन्हाळ्यात तुमच्या शेजारचं नूअर्क पेटलं, पाठोपाठ डेट्रॉइट. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९६८ साली आलेल्या त्याच्या अहवालातलं, देश एक काळा आणि एक गोरा अशा दोन विषम समाजांकडे चालला आहे, हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. पत्रकाराने मात्र त्यातलं वृत्तमाध्यमांवरचं प्रकरण काढून वाचावं. देशातली वृत्तपत्रं गोऱ्या माणसाच्या नजरेनेच जग पाहतात, असं तिथे आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. संपादकीय कामात कृष्णवर्णीय माणसं पाच टक्क्यांहूनही कमी होती आणि संपादकांच्या, पर्यवेक्षकांच्या पातळीवर एक टक्क्याहूनही कमी. जळती दुकानं सगळ्यांनी छापली. त्या वस्तीत किराणा किती महाग मिळतो, उधारीवर घेतलेल्या वस्तूंचे हप्ते कसे फसवतात, घरमालक काय करतो, हे जाणणारा माणूस वृत्तकक्षात जवळपास नव्हताच.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात अल्पसंख्य पत्रकारांसाठी उन्हाळी प्रशिक्षण सुरू झालं. त्या धाग्यातून पुढे रॉबर्ट मेनार्ड आणि सहकाऱ्यांची संस्था उभी राहिली, तीच आजची मेनार्ड इन्स्टिट्यूट. मेनार्ड यांनी १९८३ मध्ये 'ओकलंड ट्रिब्यून' विकत घेतलं. मोठ्या शहरातल्या प्रमुख दैनिकाचे ते पहिले कृष्णवर्णीय मालक. दरम्यान १९७८ मध्ये वृत्तपत्र-संपादकांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवलं होतं की २००० सालापर्यंत वृत्तकक्षांतलं श्वेतेतरांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं करायचं. तेव्हा ते होतं सुमारे ४ टक्के. २००० साल आलं आणि गेलं, उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. ती पोकळी भरायला फाउंडेशनच्या पैशावरच्या फेलोशिप आल्या. त्यात स्थानिक वृत्तपत्रं आटत गेली आणि नगरपालिकेच्या अर्थसंकल्पावर बसणारा बातमीदार आधी कमी झाला, त्यामुळे 'श्वेतेतर पत्रकार' आणि 'शहराचा पैसा' या दोन गरजा एकाच अर्जाच्या नमुन्यात एकत्र आल्या.

आमच्या फिलाडेल्फियाचं 'नेक्स्ट सिटी' हे २००३ साली निघालेलं ना-नफा प्रकाशन याचं ठळक उदाहरण. त्यांच्या 'इक्विटेबल सिटीज' फेलोशिपवर २०१५-१६ मध्ये ऑस्कर पेरी अबेयो होते. ते पुढे तिथेच अर्थविषयक बातमीदार झाले आणि शहरातलं भांडवल कुणापर्यंत पोचतं, कुणापर्यंत नाही, यावर 'द बॉटम लाइन' हे सदर चालवू लागले. छोट्या पतसंस्था, कामगारांच्या मालकीचे उद्योग, वस्तीतल्या बँका असे विषय. एका वर्षाच्या फेलोशिपने एका माणसाला आयुष्यभराचा विषय दिला आणि एका प्रकाशनाला कायमचं पान. अर्ज करताना माझ्या डोळ्यांसमोर हे उदाहरण असायचं.

'इक्विटी' या शब्दाशी जरा थांबते. आपण पटकन 'समानता' म्हणतो आणि गोंधळ होतो. तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे तुम्हाला 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द वेगळा सांगायला नको. कृष्णा खोऱ्यात, आटपाडीच्या बाजूला चळवळीने तो रुजवला, आणि त्यातली मागणी अशी होती की पाणी जमिनीच्या आकारावर न देता माणसांवर द्या, भूमिहीनालाही वाटा द्या. शहरातला प्रश्न तोच आहे. बस, कर्ज, करसवलत, फुटपाथ, दंड, शाळेचा पैसा हे सगळं वाटलं जातं, आणि कुठल्या नियमाने वाटलं जातं ते शोधणं हे तुमचं काम. अमेरिकन निवड समितीसमोर मी ही तुलना एकदा सांगितली होती आणि ती त्यांच्या लक्षात राहिली.

आता तुमचा पहिला प्रश्न : भारतीय मुलीसाठी आहेत का? नियमाने हो. 'ऑफ कलर' या व्याख्येत आशियाई आले, म्हणजे दक्षिण आशियाईही आले. पण तुमच्या प्रश्नामागची अस्वस्थता मला कळते, कारण ती माझीही होती. मी ठाण्यात वाढले ते अशा आडनावासह, ज्याने बहुतेक दारं न वाजवता उघडायची. विमानातून उतरले आणि एका दिवसात मी 'श्वेतेतर' झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इथे बँकेत, पोलिसाच्या गाडीजवळ, घर बघायला गेल्यावर माझा रंग दिसला, तो अनुभव खोटा नाही. पण नॉर्थ फिलाडेल्फियातल्या ज्या कुटुंबाला तीन पिढ्या गृहकर्ज नाकारलं गेलं, त्यांचा अनुभव माझा नाही, आणि अर्जात तो माझा असल्यासारखं लिहिणं मला तेव्हाही पटलं नसतं. आपल्या लोकांची इथली सरासरी कमाई मोठी आहे, आणि त्या सरासरीआड टॅक्सी चालवणारे, मोटेलमध्ये चादरी बदलणारे, पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणारे दिसेनासे होतात. जातीचं नाव इथे कुणी विचारत नाही म्हणून ती गेली असंही नाही. हे सगळं तुम्हाला दिसतं, दुसऱ्या कुणाला सहज दिसत नाही. अर्जात तुमच्या ओळखीची जागा इथे आहे : ती तुम्हाला काय पाहू देते आणि काय पाहू देत नाही, हे दोन-तीन वाक्यांत प्रांजळपणे लिहा आणि विषयाकडे वळा.

न्यूयॉर्कच्या टॅक्सी परवान्यांची गोष्ट आठवा. २००२ मध्ये सुमारे दोन लाख डॉलरना मिळणारा परवाना, ज्याला तिथे मेडॅलियन म्हणतात, २०१४ पर्यंत दहा लाखांवर चढवला गेला. घेणारे बहुतेक स्थलांतरित, त्यात बांगलादेशी, पंजाबी, पाकिस्तानी कितीतरी. मग किंमत कोसळली आणि कर्ज अंगावर राहिलं. हे कर्ज कसं रचलं गेलं याचा सविस्तर तपास २०१९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ब्रायन रोझेन्थाल यांनी छापला आणि त्याला पुलित्झर मिळालं. २०२१च्या शरद ऋतूत चालक सिटी हॉलबाहेर उपोषणाला बसले, पंधरा दिवसांनी शहराशी समझोता झाला. मुद्दल १,७०,००० डॉलरवर आणलं, शहराने हमी घेतली, महिन्याचा हप्ता जास्तीत जास्त १,१२२ डॉलर ठरला. त्या संघटनेचं नेतृत्व भैरवी देसाई यांच्याकडे होतं, गुजरातेत जन्मलेल्या. हा विषय आपल्या लोकांच्या स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षं बोलला जात होता. हिंदी, बांगला, पंजाबी समजणारा बातमीदार आणि त्याला सहा महिने मोकळे, हे दोन्ही आधी जमून आलं असतं तर तो काही वर्षं अगोदर छापून आला असता, असं मला आजही वाटतं. फेलोशिप असतात त्या या सहा महिन्यांसाठी.

हवा बदलल्याचं म्हणता, तर ती खरंच बदलली आहे. मात्र हे सगळं आजचं नाही. शालेय विद्यार्थ्यांसाठी अल्पसंख्यांपुरत्या असलेल्या एका उन्हाळी पत्रकारिता कार्यशाळेवर व्हर्जिनियात एका गोऱ्या विद्यार्थिनीच्या वतीने खटला झाला होता. २००७ मध्ये तडजोड झाली आणि ती सर्वांना खुली झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांतला वंशाचा विचार थांबवला. २०२४ मध्ये अटलांटाच्या अपील न्यायालयाने फक्त कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांसाठीचं फियरलेस फंडाचं अनुदान रोखलं, आधार घेतला १८६६च्या नागरी हक्क कायद्याचा. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला तो कायदा. हे वाचून मला आजही राग येतो. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच विविधतेच्या कार्यक्रमांविरुद्ध उभं राहिलं.

परिणाम असा की 'फक्त श्वेतेतरांसाठी' हे शब्द बऱ्याच जाहिरातींतून गेले. त्यांच्या जागी 'ज्या समाजांचं वार्तांकन कमी होतं त्यांच्याशी नातं असलेले पत्रकार', 'प्रत्यक्ष अनुभव असलेले' अशी भाषा आली. तुमच्यासाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. पूर्वी एका चौकटीत खूण करून जे कळायचं, ते आता निबंधात दाखवावं लागतं : तुम्हाला कुठली भाषा येते, कुणाच्या घरी तुम्ही बसू शकता, कुठल्या सभेला तुम्ही आधीपासून जाता. जाहिरात दरवर्षी नव्याने वाचा. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

कुठे कुठे पाहावं, ते भराभर सांगते. 'टाइप इन्व्हेस्टिगेशन्स'ची आयडा बी. वेल्स फेलोशिप शोधपत्रकारितेची आहे. तिच्या नावामुळे गोंधळू नका, निकोल हॅना-जोन्स यांच्यासह काही पत्रकारांनी २०१६ मध्ये उभारलेली आयडा बी. वेल्स सोसायटी ही वेगळी संस्था, तिचं प्रशिक्षणही चांगलं. बार्बरा एरनराइक यांनी सुरू केलेला 'इकॉनॉमिक हार्डशिप रिपोर्टिंग प्रोजेक्ट' गरिबी आणि कष्टकऱ्यांवरच्या एकेका लेखाला पैसे देतो, पहिल्या पायरीला उत्तम. कोलंबियाची नाइट-बॅजट फेलोशिप अर्थपत्रकारांसाठी आहे, पण ती पुढच्या टप्प्याची. 'रिपोर्ट फॉर अमेरिका' बातमीदाराला स्थानिक वृत्तकक्षात बसवून पगाराचा काही भाग उचलतं. दक्षिण आशियाई पत्रकारांची 'साजा' १९९४ पासून आहे, आशियाई अमेरिकन पत्रकारांची 'एएजेए' १९८१ पासून. दोघांची सभासद व्हा, पैशापेक्षा तिथली माणसं जास्त उपयोगाची. आणि तुमच्या न्यू जर्सीत तर राज्याच्याच कायद्याने उभा राहिलेला 'सिव्हिक इन्फर्मेशन कन्सॉर्शियम' आहे, जो स्थानिक बातमीदारीला अनुदान देतो. बहुतेक जण न्यूयॉर्ककडे बघत बसतात आणि हे दार विसरतात.

रक्कम लहान म्हणून तोंड वाकडं करू नका. 'फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम' १९६९ मध्ये निघाला तेव्हा त्यांनी पत्रकार सेमूर हर्श यांना एका सुगाव्यामागे जायला आधी २५० डॉलर दिले, मग २,०००. त्यातून व्हिएतनाम युद्धातल्या माय लाय हत्याकांडाची बातमी आली.

आता अर्ज. इथे मी रेंगाळणार आहे.

माझा नाकारला गेलेला अर्ज माझ्याकडे अजून आहे. पानभर मी माझ्याबद्दल लिहिलं होतं, परदेशात येणं, भाषा, एकटेपणा. मग एका परिच्छेदात 'स्थलांतरित दुकानदारांवरचा अन्याय'. कुठले दुकानदार, कुठला अन्याय, कुणी केला, कशावरून, यातलं काही नाही. तीन वर्षांनी मी साऊथ सेव्हन्थ स्ट्रीटवर, जिथे कंबोडियन दुकानं आहेत, एका बाईंच्या दुकानात बसले होते. त्यांनी भाड्याच्या सगळ्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. आम्ही त्या काउंटरवर वर्षावार मांडल्या. समोरचा फुटपाथ सार्वजनिक पैशातून नवा झाला, दिवे आले, झाडं आली, आणि लगोलग भाडं वाढलं. करारात नूतनीकरणाचं कलमच नव्हतं. म्हणजे रस्ता सुधारायचा खर्च सगळ्यांचा, वाढलेली किंमत मालकाची, आणि उठायची वेळ बाईंची. दुसऱ्या अर्जात मी हे लिहिलं : हा रस्ता, हा निधी, हे करार, आणि अशा किती रस्त्यांवर हे घडलं ते मी या या कागदांतून तपासणार. स्वतःबद्दल तीन ओळी. तो अर्ज मंजूर झाला.

समितीवर बसल्यावर कळलं की बहुतेक अर्ज माझ्या पहिल्या अर्जासारखे असतात. 'मला या लोकांचा आवाज व्हायचं आहे' हे वाक्य इतक्या वेळा वाचलं आहे! त्या लोकांना आवाज असतो. भाडेकरूंच्या बैठकीला एकदा जा, कान बधिर होतील. त्यांच्याकडे नसतो तो कागद, तो मिळवायचा वेळ, आणि तो छापायची जागा.

तुमच्याच शहराचं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही लिहिलंत : 'जर्सी सिटीत जेंट्रिफिकेशनमुळे (पैसेवाले येऊन वस्ती महागल्यामुळे) गरीब कुटुंबं हुसकली जात आहेत, मी त्यांच्या कहाण्या सांगेन.' हे खरं आहे, आणि यावर पैसे मिळणार नाहीत. आता नदीकाठच्या टॉवरकडे बघा. न्यू जर्सीत १९९१चा दीर्घकालीन करसवलतीचा कायदा आहे. पुनर्विकास क्षेत्रातल्या प्रकल्पाला पालिका करार करून देऊ शकते की इमारतीवर नेहमीचा मालमत्ता कर भरण्याऐवजी तीस वर्षांपर्यंत ठरावीक वार्षिक रक्कम भर. बोलीभाषेत याला 'पायलट' म्हणतात. नेहमीच्या मालमत्ता कराचे वाटेकरी तीन : पालिका, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), शाळा. पायलटच्या रकमेतले ९५ टक्के पालिकेला जातात, ५ टक्के काउंटीला, आणि शाळांना कायद्याने काहीच नाही. पालिकेने आपण होऊन दिलं तरच. आता प्रश्न आपोआप सुचू लागतात. करार करताना स्थानिकांना नोकऱ्या, परवडणारी घरं अशा कोणत्या अटी घातल्या होत्या? त्या पाळल्या की नाही हे कोण तपासतं? शाळांचा वाटा गेला तो कुणाच्या करातून भरून निघाला? तीन खोल्यांच्या जुन्या घरात राहणाऱ्या, पायलट न मिळालेल्या माणसाच्या करबिलात तो दिसतो का? आणि तुमचे भाडेकरू इथे येतात, कारण घरमालकाचा वाढलेला कर शेवटी त्यांच्या भाड्यात उतरतो.

यातला प्रत्येक प्रश्न कागदावर टेकलेला आहे. करार पालिकेच्या अध्यादेशाने मंजूर होतो, म्हणजे तो सार्वजनिक. राज्याने सक्तीने मागवलेल्या सोप्या अर्थसंकल्पाच्या नमुन्यात पायलट प्रकल्पांची यादी असते. बाकीचं 'ओप्रा' या माहिती कायद्याखाली मागता येतं, कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २०२४च्या दुरुस्तीने तो कायदा बराच बोथट केला, म्हणून मागणी नेमकी लिहा, 'सर्व पत्रव्यवहार' असं कधीही लिहू नका. असा अर्ज आला की समितीतला माणूस खुर्चीत सावरून बसतो. अर्जदार कुठे जाणार, काय मागणार, काय मिळालं नाही तर काय करणार, हे त्याला दिसतं.

अशा कामाला लागणारा धीर कुठून येतो ते पाहायचं असेल तर शिकागो बघा. २०१२ मध्ये तिथे गाडीवर शहराच्या वाहनकराचं स्टिकर नसल्याचा दंड १२० वरून २०० डॉलर झाला. कुणाच्याही लक्षात राहू नये असा निर्णय. प्रोपब्लिका इलिनॉय या शोधपत्रकारिता संस्थेच्या मेलिसा सांचेझ यांनी दिवाळखोरी न्यायालयाचे कागद उलगडले तेव्हा दिसलं की शहराचं देणं असलेले 'चॅप्टर १३' दिवाळखोरीचे, म्हणजे कर्ज हप्त्यांनी फेडायच्या प्रकारातले, खटले २००७ मध्ये अंदाजे १,००० होते, ते २०१७ मध्ये १०,००० च्या वर गेले, आणि त्याचा भार कृष्णवर्णीय वस्त्यांवर पडला होता. गाडी गेली, परवाना निलंबित, नोकरी गेली. २०१८ साली हे छापून आलं. त्यानंतर शहराने नियम सैल केले आणि राज्याने पार्किंगच्या थकीत दंडासाठी वाहन परवाना निलंबित करणं थांबवलं. गृहकर्जाचंही असंच आहे. १९७५च्या कायद्यामुळे प्रत्येक मोठी बँक अर्जागणिक माहिती जाहीर करते. १९८८ मध्ये अटलांटात पत्रकार बिल डेडमन यांनी त्याच कायद्याखाली तेव्हा मिळणारी वस्तीवार आकडेवारी वापरून बँका कुठल्या वस्त्या टाळतात ते दाखवलं. तीस वर्षांनी 'रिव्हील' या शोधपत्रकारिता माध्यमाच्या बातमीदारांनी ३ कोटी १० लाख नोंदी तपासून ६१ महानगरांत तोच भेद दाखवला. हा विदा (डेटा) आज तुमच्या लॅपटॉपवर फुकट उतरवता येतो. सांख्यिकी येत नसेल तर अर्जाच्या खर्चात ती येणाऱ्या माणसाचे पैसे धरा, लाज वाटू देऊ नका.

आणखी एक, जे अर्जात फार थोडे लिहितात : उपाय म्हणून कुठे काय करून पाहिलं गेलं. शहरी समन्यायावर लिहिणाऱ्या प्रकाशनांना हे हवं असतं. बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागातल्या रहिवाशांनी १९८४ मध्ये संघटना केली आणि शहराने त्यांना ओसाड भूखंड सक्तीने संपादन करायचा अधिकार दिला. जमीन वस्तीच्या न्यासाकडे, घर माणसाकडे. तुम्ही सुचवाल त्या लेखांपैकी एक अशा दिशेचा ठेवा, पण त्याची उलटतपासणीही करा. गुणगान करायला फेलोशिप नसते.

भाषांचा खर्च वेगळा दाखवा. दुभाषा लागेल, आणि शेजारच्या मुलीला फुकट कामाला लावणं बरोबर नाही. लेख छापून आल्यावर तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापर्यंत कसा पोचवणार, हेही लिहा. डेट्रॉइटची 'आउटलायर मीडिया' घराच्या थकीत कराची माहिती लोकांना फोनवरच्या मेसेजमधून देत आली. तुम्ही हिंदी, गुजराती, स्पॅनिशमध्ये एक पानाचं पत्रक काढू शकता, मशिदीत, देवळात, लाँड्रीत लावू शकता.

पैसे आणि व्हिसा. इथे भावनेला जागा नाही, वही घेऊन बसा. फेलोशिपची रक्कम ऐकायला मोठी वाटते. समजा २४,००० डॉलर, नऊ महिने. महिन्याला २,६६६. तुम्हाला कंत्राटी म्हणून दिले तर आयकर दर तिमाहीला स्वतः भरायचा, आणि करापुरतं 'रहिवासी' ठरलात तर वर सुमारे १५.३ टक्के स्वयंरोजगार करही लागतो; विद्यार्थी व्हिसावर 'अनिवासी' असाल तोवर तो लागत नाही. आरोग्य विमा स्वतःचा. प्रवास आणि कागदांच्या प्रतींचे पैसे वेगळे मिळतात का ते विचारा. जर्सी सिटीच्या भाड्यात यातून एकटीचं भागणार नाही, म्हणून सध्याची नोकरी सांभाळून करता येणारी फेलोशिप आणि पूर्णवेळची फेलोशिप यांतला फरक आधी बघा. माझ्या वेळी नवऱ्याच्या नोकरीचा विमा होता, म्हणून मला जमलं. हे मी लपवत नाही.

व्हिसा तुमच्या बाबतीत निर्णायक आहे. ओपीटीवर तुम्ही पदवीशी संबंधित काम करू शकता आणि पहिल्या बारा महिन्यांत कंत्राटी कामही चालतं, पण सगळी कामं नोंदवावी लागतात आणि बेरोजगारीचे एकूण दिवस ९० च्या पुढे जाता कामा नयेत. एच-१बी झालं की प्रायोजक मालकाखेरीज बाहेरचं मानधन घेता येत नाही. म्हणजे तेव्हा फेलोशिपचा पैसा तुमच्या वृत्तसंस्थेला अनुदान म्हणून आला तरच मार्ग निघू शकतो. अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. निवड झाल्यावर व्हिसामुळे नाव मागे घ्यावं लागलेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. दोघींचे विषय फार चांगले होते.

करारात तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका. लेखाचे हक्क कुणाचे. बदनामीचा खटला झाला तर वकील कुणाचा : काही करारांत सगळी जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकलेली असते, ते कलम बदलून घ्या. बिल्डरवर लिहिणार असाल तर हे फार महत्त्वाचं. आणि पैसा देणाऱ्या फाउंडेशनला छापण्याआधी मजकूर बघायला मिळतो का. चांगल्या ठिकाणी उत्तर साफ 'नाही' असतं. शहरातल्या बँका आणि विकासक हेही देणगीदार असतात, म्हणून हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. निवड समितीत असताना मला हा प्रश्न विचारणारे उमेदवार आवडायचे.

सगळ्यात शेवटी संपादक. फेलोशिपमध्ये पैशाहून दुर्मीळ मिळतो तो रात्री फोन उचलणारा आणि 'हे सिद्ध झालेलं नाही, परत जा' म्हणणारा माणूस. मुलाखतीत विचारा, माझा संपादक कोण, त्याच्याकडे आणखी किती जण आहेत. आधीच्या फेलोंना लिहा. ते उत्तर देतात, कारण त्यांनीही कुणाला तरी असंच लिहिलेलं असतं.

कुठल्या जाहिरातीची मुदत कधी आहे ते शोधत बसण्याआधी या आठवड्यात दोन कामं करा. पालिकेच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत करसवलतीचा अध्यादेश कधी येतोय ते बघा आणि त्या सभेला जाऊन पूर्ण वेळ बसा, सार्वजनिक निवेदनं संपेपर्यंत. आणि एकाच टॉवरचा करार आणि त्याचे गेल्या पाच वर्षांतले अटीपूर्तीचे अहवाल ओप्राखाली मागा. अहवाल मिळाले तर तुमचा पहिला लेख तिथे आहे. असे अहवाल नाहीतच, असं उत्तर आलं तर ते पत्र अर्जाला जोडा.